पक्ष सांगतात ती मूल्ये पाळतात का? पुण्याच्या मतदाराने तपासायचे कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे: समता, सामाजिक न्याय, स्त्रियांचा सन्मान, कष्टकऱ्यांची प्रतिष्ठा या गोष्टी प्रत्येक पक्ष सांगतो. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक व्यासपीठावर येते. मग पक्ष त्याप्रमाणे वागतात का, आणि साध्या मतदाराने ते ओळखायचे कशावरून?

माझे उत्तर असे की जिथे कायदा किंवा न्यायालय भाग पाडते तिथे पक्ष मूल्ये पाळतात. जिथे गोष्ट त्यांच्या मर्जीवर सोडलेली असते, तिथे बहुतेक वेळा पाळत नाहीत. हे जवळपास सगळ्या पक्षांना लागू आहे, म्हणून खालची तपासणी तुमच्या आवडत्या पक्षापासून सुरू करा.

पुण्यात याचा पुरावा सहज सापडतो. राज्याने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण दिले. २०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत १६२ पैकी ८१ जागा महिलांसाठी राखीव होत्या आणि प्रमुख पक्षांना त्यासाठी उमेदवार मिळाल्या. विधानसभेत मात्र असे आरक्षण अजून लागू झालेले नाही. तिथे २०१९ मध्ये २८८ पैकी २४ महिला निवडून आल्या आणि २०२४ मध्ये त्याहूनही कमी. १९९४ मध्ये देशात सर्वांत आधी महिला धोरण जाहीर करणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. पक्ष तेच, मतदार तेच. फरक फक्त सक्तीचा. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडला गेला. पण तोवर स्वतःहून एक तृतीयांश तिकिटे द्यायला कोणत्याही पक्षाला कोणी अडवले नव्हते. २०२४ च्या विधानसभेला राज्यातल्या एकाही मोठ्या पक्षाने ती दिली नाहीत. ‘महिलांमध्ये जिंकून येण्याची क्षमता कमी’ हे कारण महापालिकेच्या निकालांपुढे टिकत नाही.

मूल्ये पाळली नाहीत म्हणून पक्षाची नोंदणी जात नाही, हेही आधी लक्षात घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार १९८९ पासून प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत राज्यघटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. ती सगळ्यांनीच लिहून दिली आहे. मात्र काही मोजके अपवाद सोडले तर एकदा दिलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. जाहीरनाम्याचेही तसेच. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे केली आणि आश्वासनासाठी पैसा कुठून येणार हे ढोबळमानाने सांगण्याची अपेक्षा ठेवली. आश्वासन मोडल्याबद्दल शिक्षा मात्र नाही. म्हणजे तपासणी करायची ती आपणच.

सुरुवात उमेदवारीपासून करा. पक्षाकडे वाटण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू तीच असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत एबी फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला ते ए फॉर्मवर असते आणि त्या व्यक्तीने कोणाला उमेदवारी दिली ते बी फॉर्मवर. बंडखोरी टाळण्यासाठी हे फॉर्म पुष्कळदा शेवटच्या रात्रीपर्यंत दाबून ठेवले जातात. यादीत आधी चर्चेत असलेल्या कोणाचे नाव त्या रात्री गळाले, हे टिपून ठेवा. वर्तमानपत्रांच्या शहर पानांत ते येते आणि चार दिवसांत लोक विसरतात.

महापालिकेसाठी एक तक्ता करा. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि कोणती जागा अनुसूचित जातीची, कोणती नागरिकांच्या मागास प्रवर्गाची, कोणती महिलेची, कोणती सर्वसाधारण हे सोडतीत ठरते. रकाने इतकेच ठेवा: प्रभाग, जागेचे अक्षर, आरक्षण, पक्ष, उमेदवार स्त्री की पुरुष, आणि त्या भागात पक्षाची मागची मते. मग राखीव जागांच्या ओळी बाजूला काढा. राखीव जागेवर महिला देणे म्हणजे कायदा पाळणे, मूल्य पाळणे नव्हे. खरी परीक्षा उरलेल्या सर्वसाधारण जागांवर आहे, जिथे पुरुष देता येत असूनही पक्षाने महिला दिली. हा आकडा फार लहान निघतो आणि तोच सर्वांत बोलका असतो.

दुसरी चाळणी जिंकण्याजोग्या जागेची. पडणाऱ्या जागेवर महिला किंवा नवखा कार्यकर्ता उभा करून टक्केवारी सजवता येते. प्रभागांच्या सीमा बदलत असल्यामुळे जुन्या पालिका निकालाशी थेट तुलना फसते. त्याऐवजी विधानसभेचा फॉर्म २० घ्या, त्यात मतदान केंद्रनिहाय मते असतात. तुमच्या प्रभागातली केंद्रे निवडून पक्षाच्या मतांची बेरीज करा. विधानसभेला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. पक्षाचे बळ जिथे या रेषेच्या आसपास आहे, तिथली उमेदवारी मूल्याचा पुरावा म्हणून धरू नका.

दलित उमेदवारांबाबत हेच माप लावता येते, पण सांभाळून. पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या २१ जागा आहेत, त्यांपैकी पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव. मग उरलेल्या १९ जागांवर कोणत्या पक्षाने अनुसूचित जातीचा उमेदवार दिला? प्रश्न अगदी योग्य आहे. अडचण अशी की जातीची घोषणा फक्त राखीव जागेच्या अर्जात करावी लागते. खुल्या जागेच्या कागदांत ती नसते. आडनावावरून जात ठरवण्याचा मोह इथे होतो. तो पूर्णपणे टाळा. एक तर ते चुकते, आणि समतेची तपासणी करताना आपणच लोकांची जात हुंगत फिरणे मला अजिबात मान्य नाही. ज्या उमेदवाराने पूर्वी राखीव जागा लढवली आहे किंवा स्वतः जाहीरपणे सांगितले आहे, तेवढेच मोजा. आकडा अपुरा राहिला तरी चालेल.

उमेदवार कळले की फॉर्म २६, म्हणजे प्रतिज्ञापत्र. लोकसभा-विधानसभेचे प्रतिज्ञापत्र भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. नगरसेवकाचे तिथे सापडणार नाही, कारण महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पुष्कळ लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात आणि ‘माहितीच दडवली’ असा समज करून घेतात. गुन्ह्यांच्या रकान्यात नुसती संख्या पाहू नका, कलमे पाहा. जमावबंदी मोडल्याचे भारतीय दंड संहितेचे कलम १८८ (आता भारतीय न्याय संहितेचे २२३) आंदोलन करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्यावर लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विनयभंगाचे ३५४ (आता ७४), बलात्काराचे ३७६ (आता ६४) किंवा विवाहितेच्या छळाचे ४९८-अ (आता ८५) ही वेगळी गोष्ट आहे. १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे जुन्या कलमांनीच दिसतील. न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, हेही त्याच रकान्यात लिहिलेले असते. दहा आंदोलनांचे गुन्हे असलेला आणि एकच पण छळाचा गुन्हा असलेला, यांना संख्येवरून एका तराजूत घालणे अन्याय आहे.

याच ठिकाणी पक्षाला थेट जाब विचारणारा कागद आहे, फॉर्म सी-७. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने, खटला प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही याची कारणे पक्षाला प्रसिद्ध करावी लागतात: एका स्थानिक भाषेतल्या आणि एका राष्ट्रीय वर्तमानपत्रात, शिवाय पक्षाच्या समाजमाध्यमांवर आणि संकेतस्थळावर. मुदत उमेदवार निवडल्यापासून ४८ तास. फक्त जिंकण्याची क्षमता हे कारण चालत नाही. हे आदेश पाळले नाहीत म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने बिहार निवडणुकीच्या संदर्भात आठ पक्षांना दंड केला. भाजप आणि काँग्रेस यांना प्रत्येकी १ लाख, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना प्रत्येकी ५ लाख रुपये. उजवे, मधले, डावे सगळे त्या यादीत होते. सी-७ वाचताना कारणाच्या रकान्यात वेगवेगळ्या उमेदवारांसाठी तेच वाक्य चिकटवले आहे का ते पाहा. चिकटवले असेल तर त्या उमेदवाराचा वेगळा विचार झालेलाच नाही.

आता पैसा. माझ्या मते शहरात मूल्ये सर्वांत स्पष्ट दिसतात ती अंदाजपत्रकात. आयुक्त मसुदा मांडतात, १६ सदस्यांची स्थायी समिती त्यात बदल करते, मग मुख्य सभा मंजुरी देते. जाहीरनाम्यात ज्यांची नावे असतात त्या महिला, दिव्यांग, वस्तीतली मुले यांच्यासाठीची तरतूद समाज विकास विभागाच्या आणि संबंधित शीर्षांखाली असते. राज्य शासनाच्या धोरणानुसार स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी ठेवायची असते. तरतूद केली एवढ्यावर थांबू नका. तीन आकडे मागा: मूळ तरतूद, वर्गीकरणानंतरची तरतूद, ३१ मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च.

मधला आकडा महत्त्वाचा. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणे. हे प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत धडाधड येतात. प्रस्तावावर सुचवणाऱ्या आणि अनुमोदन देणाऱ्या सभासदाचे नाव असते, निधी कुठून काढला आणि कुठे टाकला हेही असते. समाज विकासातून किंवा शाळा दुरुस्तीतून काढून पदपथाच्या ब्लॉककडे गेलेला प्रत्येक प्रस्ताव वेगळ्या रंगाने खूण करा. शेजारी त्या सभासदाच्या पक्षाचा जाहीरनामा ठेवा. तसेच ‘स’ यादीचे: प्रभागातल्या छोट्या कामांसाठी नगरसेवकांना मिळणारा हा निधी बाक, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या आणि नामफलकांवर किती गेला आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या पाण्यावर किती, एवढे पाहिले तरी पुरे. महिलांच्या सन्मानाची भाषा करणाऱ्या पक्षाच्या प्रभागात महिलांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसेल आणि चौकात नवी कमान उभी असेल, तर दोन्हींचा खर्च एकाच यादीत सापडतो.

सभांची इतिवृत्ते वाचताना एक अडचण येते. बहुतेक विषय एकमताने मंजूर झालेले दिसतात, त्यामुळे कोणी विरोध केला ते कळत नाही. म्हणून मंजूर विषयांपेक्षा रखडवलेले विषय शोधा. ‘एक महिना पुढे’, ‘दप्तरी दाखल’ (म्हणजे विषय बाजूला ठेवला) असे शेरे पाहा. नको असलेला विषय फेटाळून वाईटपणा घेण्याऐवजी तो पुढे ढकलणे सोयीचे असते. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेबरोबरचा करार हे याचे चांगले उदाहरण. कष्टकऱ्यांबद्दल भाषणे करणे सोपे आहे. कराराची मुदत संपत आली की कोण कायमस्वरूपी कराराची सूचना देतो, कोण तात्पुरती मुदतवाढ सुचवतो आणि कोण मोठ्या ठेकेदाराचा विषय पुढे आणतो, यात पक्षाची खरी भूमिका उमटते. निवडून आलेल्या महिला सभासदाची भाषणे इतिवृत्तात किती, हेही याच वेळी मोजून होते. आरक्षणातून आलेल्या कितीतरी नगरसेविका उत्तम काम करतात. ज्यांना पक्ष बोलू देत नाही आणि ज्यांच्या जागी पती प्रभागात ‘साहेब’ म्हणून वावरतो, तो दोष त्या बाईंचा नव्हे, तिकीट घरात ठेवण्यासाठी त्यांना उभे करणाऱ्या पक्षाचा आहे.

हे कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, झेरॉक्सला पानाला २ रुपये पडतात, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत. बहुतेक अर्ज इथेच पडतात, कारण लोक ‘गेल्या दहा वर्षांत महिलांसाठी काय केले’ असे विचारतात. तसे विचारू नका. ‘अमुक आर्थिक वर्षातील समाज विकास विभागाच्या सर्व वर्गीकरण प्रस्तावांच्या प्रती’ असे मागा. ‘का’ विचारले की ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते. अभिलेख मोठा असेल तर आधी पाहणी मागा आणि हवी तेवढीच पाने झेरॉक्स करून घ्या. उत्तर आले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह.

फलकांबद्दल थोडेसे. मुंबई उच्च न्यायालयात पक्षांनी बेकायदा फलक लावणार नाही अशी हमी दिलेली आहे. परवानगी घेतलेल्या फलकावर परवाना क्रमांक आणि मुदत असायला हवी. तुमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ती शोधा आणि नसेल तर आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे फोटोसह तक्रार द्या. विषय किरकोळ वाटेल, पण न्यायालयाला दिलेला शब्द पक्ष गल्लीत कसा पाळतो ते इथे पाच मिनिटांत कळते.

पक्षाच्या आतले वागणे तपासणे सर्वांत अवघड. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष. पारदर्शकतेवर एरवी एकमेकांना धारेवर धरणाऱ्या या पक्षांनी त्या आदेशाप्रमाणे वागणे एकजात टाळले. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे पक्षांवर बंधनकारक नाही, कारण कार्यकर्ता आणि पक्ष यांच्यात नोकरीचे नाते नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. बंधन नाही म्हणजे मनाई आहे असे नव्हे. तुमच्या पक्षाच्या पुणे शहर कार्यालयात विचारा: महिला कार्यकर्तीने तक्रार कोणाकडे करायची, त्या समितीत बाहेरची सदस्य आहे का? पक्षाची घटना आणि अंतर्गत निवडणुकाही कागदापुरत्या समजू नका. जानेवारी २०२४ मध्ये शिवसेनेच्या अपात्रता प्रकरणात विधानसभा अध्यक्षांनी निवडणूक आयोगाकडे नोंद असलेली १९९९ ची घटना ग्राह्य धरली, २०१८ ची दुरुस्ती धरली नाही. ज्या कागदाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नव्हते, त्यावर पक्ष कोणाचा हे ठरले.

विधिमंडळातली कामगिरी मोजताना मंजूर कायद्यांपेक्षा तो कायदा यायला लागलेला वेळ पाहावा असे मला वाटते. जादूटोणाविरोधी कायद्याचे विधेयक अनेक वर्षे रखडले आणि त्या काळात सत्तेत असलेल्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारे पक्षही होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच महिन्यात अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये कायदाही झाला. जे काही दिवसांत जमले ते आधी इतकी वर्षे का जमले नाही, याचे उत्तर त्या प्रत्येक पक्षाने द्यायला हवे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्धचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. जिथे फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली त्या भिडे वाड्याबाबत सर्व पक्षांनी स्मारकाची मागणी केली, प्रत्यक्षात २०२३ च्या अखेरीस न्यायालयीन लढाई संपल्यावरच जागा ताब्यात आली. स्मारक व्हायलाच हवे, पण सावित्रीबाईंचा वारसा मोजायचा तर महापालिकेच्या शाळांत आठवीनंतर किती मुली टिकतात हा आकडाही त्याच पक्षांना विचारा.

मोजताना काही चुका हमखास होतात. पुणे शहरात विधानसभेच्या आठ जागा आहेत. तिथे एक महिला उमेदवार वाढली की टक्केवारी साडेबाराने उडते. म्हणून शहराची टक्केवारी काढू नका, जिल्ह्याच्या २१ जागा आणि किमान तीन निवडणुका एकत्र घ्या. युतीत पक्षाच्या वाट्याला आलेल्या जागांवरच भागाकार करा, एकूण जागांवर नव्हे. पक्ष फुटला असेल तर जुनी कामगिरी दोन्ही गटांच्या नावावर लावू नका. सभासदाच्या नावाने नोंद ठेवा आणि तो कुठे गेला ते पुढे लिहा. प्रशासकाच्या काळातली कामे कोणत्याही नगरसेवकाच्या खाती घालू नका: मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर सभागृह नव्हते, आणि त्या काळातल्या कामांच्या श्रेयाचे फलक मात्र भरपूर लागले.

प्रचारात उमेदवार दाराशी येतो तेव्हा हातात एक कागद ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा. तुमच्या पक्षाने या वेळी सर्वसाधारण जागांवर किती महिला दिल्या? मागच्या सभागृहात तुमच्या पक्षाच्या सभासदांनी समाज विकासाचा निधी दुसरीकडे वळवणारे किती प्रस्ताव दिले? पक्षाच्या शहर कार्यालयात महिलांच्या तक्रारींसाठी समिती आहे का आणि तिच्या अध्यक्षा कोण? ‘ताई, आम्ही बघतो’ असे उत्तर आले तर मोबाइल क्रमांक घेऊन दोन दिवसांनी पुन्हा फोन करा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या तक्त्यात आधीच असेल. ते बरोबर सांगतात का यावरून बाकीच्या दोन उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.